गणेशचतुर्थीची गाडी, पौर्णिमेची मुदत

गणेशचतुर्थीला मोटार घेऊ नका, असे मी सांगतो तेव्हा मराठी माणसे आधी माझ्या शेंडीकडे पाहतात आणि मग तोंडाकडे. ज्याने जन्मभर पंचांग उशाशी ठेवले, त्यानेच असे बोलावे याचे त्यांना नवल वाटते. परंतु हे माझे मत पंचांगातूनच आलेले आहे, आणि त्याला निम्मा आधार माझ्या धंद्याचा आहे.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. विम्याची कंपनी मात्र इंग्रजी तारखेने चालते. त्यामुळे भाद्रपद शुद्ध चतुर्थीला वाजतगाजत घरी आणलेल्या गाडीच्या विम्याची मुदत, मध्ये अधिक महिना आला नाही तर, पुढल्या वर्षी भाद्रपदाच्या पौर्णिमेपाशी संपते. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. आणि पितृपक्षात आपली माणसे नवे काही करीत नाहीत. पंजाबी कुटुंबे नवरात्रात किंवा धनत्रयोदशीला गाडी घेतात, त्यांना ही अडचण सहसा येत नाही. ही खास आपली अडचण आहे. दिल्लीतील मराठी घरांचे मोटारविमे मी इतकी वर्षे पाहत आलो. घटस्थापनेच्या सकाळी माझा फोन जितका वाजतो तितका दिवाळीतही वाजत नाही.

मी दिल्लीत आलो तो हस्तलिखितांची सूची करण्याच्या एका तात्पुरत्या कामावर. कृष्णाकाठच्या पाठशाळेत मीमांसा, म्हणजे विधिवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र, शिकलो होतो आणि उरलेले आयुष्य पोथ्यांच्या सहवासात जाईल अशी माझी समजूत होती. काम संपले, पण मयूर विहारातील घर आणि पत्नीची शाळेतील नोकरी येथेच राहिली. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून विमा प्रतिनिधीची परीक्षा दिली. पॉलिसीची भाषा मला कधी अवघड गेली नाही. आधी विधी, मग त्याचा अपवाद, मग अपवादाचा अपवाद, ही रीत माझ्या परिचयाची होती. मराठी मंडळी मला गुरुजी म्हणतात, बाकीचे पंडितजी. सोसायटीतील एक सरदारजी म्हणत, "पंडितजी, गाड़ी की पूजा भी आप, बीमा भी आप। भगवान ने न सुनी तो कंपनी सुनेगी।" मी ते विनोद म्हणून ऐकले आणि प्रार्थना म्हणूनही.

लहान गाडीचा विमा स्वस्तात कसा मिळवावा, हा मला सर्वांत अधिक विचारला गेलेला प्रश्न आहे. त्याचे उत्तर साधे आहे. विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीने दुसऱ्याची हानी झाली तर भरपाई देणारा भाग कायद्याने अनिवार्य. त्याचा दर सरकारने ठरविलेला, त्यात घासाघीस नाही. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. स्वस्त-महाग जे काही आहे ते या दुसऱ्या भागात. शोरूमवाले त्यावर अनेक जोड-संरक्षणे चढवितात: किल्ली हरवली तर, इंजिनात पाणी गेले तर, रस्त्यात बंद पडली तर. त्यांतील आपल्याला खरोखर लागणारी ठेवावी, उरलेली नम्रपणे परत करावी. वर्षभरात दावा केला नसेल तर बक्षीस म्हणून सूट मिळते, ती मागून घ्यावी. लहानसहान खर्च स्वतः सोसण्याची तयारी दाखविली तरी दर उतरतो. ही झाली खरी स्वस्ताई.

खोटी स्वस्ताईही आहे, आणि ती दिसायला अधिक सुंदर असते. गाडी चोरीस गेली किंवा पार मोडली तर कंपनी किती देणार, तो आकडा पॉलिसीत आधी ठरविलेला असतो. फोनवर सर्वांत वर झळकणारा स्वस्त दर पुष्कळदा हाच आकडा खाली ओढून आणलेला असतो. माणूस हप्त्यात वाचविलेले पाहतो, गाडीची किंमत कुठे गेली ते पाहत नाही. दुसरा मार्ग लपविण्याचा. करोल बागेत गॅसचे किट बसवून घेतलेल्या एका गृहस्थांनी हप्ता वाढू नये म्हणून ते कळविलेच नाही. पुढे गाडीने पेट घेतला. देवकृपेने आत कोणी नव्हते. कंपनीने हात वर केले, आणि ते मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही विचारलंत तेव्हा मी नुसती मान हलवली होती, हो म्हटलं नव्हतं." मीमांसेतही असा युक्तिवाद मी ऐकला नव्हता.

परंतु मला सांगायचे आहे ते बापटांच्या घरचे.

कमलताई बापट आमच्याच सोसायटीत, पलीकडच्या इमारतीत राहतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. यजमान जाऊन काही वर्षे झाली आहेत. मुलगा संदीप नोएडात संगणकाच्या नोकरीत, आणि सून ऋचा फिजिओथेरपिस्ट. ऋचाचा दवाखाना नाही. ती रुग्णांच्या घरी जाते. गुडघे बदललेली, पक्षाघाताने एक बाजू गेलेली, पडून खुबा मोडलेली अशी म्हातारी माणसे. माझ्या पत्नीचे गुडघे आज जे काही वाकतात ते ऋचामुळे. तिच्याजवळ स्नायूंना विजेचे हलके झटके देणारे एक यंत्र आहे. ते, त्याच्या तारा, पट्टे आणि वजने मिळून अशी एक बॅग होते की मला ती जमिनीवरून उचलता आली नाही. हे सारे घेऊन मयूर विहार, नोएडा आणि पार गाझियाबादेकडे वसुंधरेपर्यंत हिंडायचे म्हणून कमलताईंनी स्वतःच्या साठवणीतून एक लहान मोटार घेतली. गाडी त्यांच्याच नावावर, चालविणार ऋचा. दिवस अर्थातच गणेशचतुर्थीचा. त्या मुहूर्तासाठी पंचांग पाहून देणारा मीच होतो, हे सांगितले पाहिजे. पुढल्या वर्षाची पौर्णिमा तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही.

पहिला विमा शोरूमचा होता आणि महाग होता. वर्ष संपत आले तशी ऋचा माझ्याकडे आली. ती दिल्लीत जन्मलेली, दिल्लीत वाढलेली. म्हणाली, "गुरुजी, थोडं बजेटमध्ये बसवून द्या ना. एवढं बिल्कुल जमत नाहीये." मी अनावश्यक जोड-संरक्षणे काढली, सूट लावून घेतली, पावसात आमच्या पुलाखाली जे तळे साचते त्यासाठी इंजिनाचे संरक्षण तेवढे राहू दिले आणि पहिल्यापेक्षा बराच उतरलेला दर काढून दिला.

येथे संदीप मध्ये आला. मुलगा गुणी आहे, पण स्वस्त वस्तूचा शोध हा त्याचा छंद आहे. वस्तू मिळण्यापेक्षा शोधण्यातच त्याला आनंद. त्याने फोनवर माझ्याहून स्वस्त दर काढून दाखविला. मी त्यात गाडीची किंमत कुठे खाली ओढली आहे ते दाखविले. त्याने दुसरा काढला. त्यात इंजिन नव्हते. तिसऱ्यात मिळालेली सूटच धरलेली नव्हती, मग ती धरून तो दर आणखी खाली आला आणि संदीपला हुरूप चढला. शेवटच्या दिवशी दर पडतात, असे त्याला कार्यालयातील कोणी सांगितले होते. गणपती आले, गौरी आल्या, अनंतचतुर्दशी झाली, आणि संदीप दर पडण्याची वाट पाहत राहिला. दर पडले नाहीत. पौर्णिमा आली.

त्या दिवशी पैसे भरावयास बसल्यावर कळले की मालकाच्या ओळखीची पडताळणी लागते, आणि तिचा ओटीपी कमलताईंच्या फोनवर येणार. कमलताईंनी फोन पदराखाली घेतला. आज प्रौष्ठपदीचे, म्हणजे पौर्णिमेचे श्राद्ध, पितृपक्ष लागलाच, आता जे काही करायचे ते घटस्थापनेला, असे त्यांचे म्हणणे. संदीपने मला बोलावून घेतले.

पाठशाळेत शिकलेले सारे मी त्या संध्याकाळी उपयोगात आणले. कर्मे तीन प्रकारची, असे सांगितले. रोज करावयाची ती नित्य, निमित्ताने येणारी ती नैमित्तिक, आणि फळाची इच्छा धरून करावयाची ती काम्य. पितृपक्षात टाळावयाची ती काम्ये, नवे आरंभ. संध्या आपण थांबवितो का? देवापुढचा दिवा थांबवितो का? तसेच हे विम्याचे. चालू असलेले चालू ठेवणे, याला मुहूर्त लागत नाही. माझे मांडणे मला स्वतःला आवडले होते, हे कबूल करण्यास हरकत नाही.

कमलताईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आज रात्री संपली की उद्या ती चालू कुठं राहिली? खंड पडल्यावर पुन्हा करायचं ते नवंच की."

"उद्यावर कशाला जायचे, आजच करू," मी म्हटले.

"आज श्राद्ध आहे, गुरुजी." मग त्या म्हणाल्या, "आणि राग मानू नका, पण यात तुमचं कमिशन आहे. शास्त्र सांगणाऱ्याचं त्यात काही नसावं."

मी उठलो. राग आला नाही, कारण बोलणे खरे होते. माझ्या गुरूंनीही मला वेगळे सांगितले नसते. त्या रात्री मुदत संपली, आणि गंमत अशी की कमलताई आणि कंपनी यांचे आता एकमत झाले: खंडित पॉलिसी ही नवी पॉलिसी. कंपनी आता गाडीची तपासणी मागणार होती. मिळालेली सूट तीन महिने तरी जाणार नव्हती. अनिवार्य असलेला पहिला भाग नव्या गाडीला एकदमच तीन वर्षांचा मिळतो, त्यामुळे गाडी रस्त्यावर आणण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. फक्त तिला काही झाले असते तर भरून देणारे कोणी नव्हते. घटस्थापनेपर्यंत ऋचा गाडी जपून चालवील, असे मी मनाशी म्हटले आणि गप्प राहिलो.

आमच्या सोसायटीत गजभिये साहेब म्हणून भंडाऱ्याकडचे एक अधिकारी आहेत. बौद्ध घराणे, वाचन मोठे. संध्याकाळी बागेतील बाकावर ते पाली सांगतात, मी संस्कृत सांगतो आणि दोघे मिळून दिल्लीच्या हवेला नावे ठेवतो. बापटांकडची हकीकत ऐकून ते हसले. "आमचं बरं आहे गुरुजी, आम्हाला पितृपक्ष नाही. आमची पॉलिसी एका दिवसानंही चुकत नाही." मी म्हटले, तुमच्यासारखी गिऱ्हाइके असती तर मला पंचांग लागलेच नसते. मग ते जरा गंभीर झाले आणि म्हणाले की बापटांची सून त्यांना दोन-तीनदा मेट्रोच्या जिन्यावर दिसली. खांद्यावर ती प्रचंड बॅग. त्यांनी हात देऊ केला तर म्हणाली, नको काका, सवय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाशी उभा राहिलो. ऋचा बाहेर आली, ई-रिक्षाला हात केला, आणि आधी बॅग चढवून मग स्वतः चढू लागली. भाद्रपदातले दिल्लीचे ऊन म्हणजे पावसाने सोडून दिलेले आणि थंडीने अद्याप न स्वीकारलेले ऊन. सकाळीच अंगातून धारा निघतात. मी विचारले, गाडी कुठे आहे?

"मागे उभी आहे, कव्हर घालून. मी नाही काढत, गुरुजी. दिल्लीचं ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहे, कोणीही येऊन ठोकतो. आईंच्या पैशांची गाडी आहे. काही झालं तर मी काय तोंड दाखवू?"

"आणि वसुंधरा?"

वसुंधरेत तिचे एक आजोबा होते. पक्षाघाताने उजवा हात गेलेला. मेट्रो तेथवर जात नाही आणि ई-रिक्षा बदलत बदलत ते यंत्र नेणे शक्य नाही, म्हणून तिने त्यांना घटस्थापनेनंतर येते असे कळविले होते. "आत्ताच त्यांची मूठ उघडायला लागली होती," ती म्हणाली. "असे पहिले महिनेच असतात. गेलेला वेळ परत मिळत नाही त्यात. पण आईंना नका सांगू, प्लीज. त्यांना वाटेल मी टोमणा मारते आहे."

कमलताईंचे घर पुढच्या बाजूला, गाडी मागच्या आवारात, आणि फाटक त्यांच्या खिडकीतून दिसत नाही. त्यांना वाटत होते की सून रोज गाडीनेच जाते. मी ऋचाला वचन दिले नाही. पाहू, एवढेच म्हटले.

अष्टमीला बापट साहेबांचे श्राद्ध. त्याचा क्षण मला होता. हल्लीच्या वाचकांसाठी सांगतो: श्राद्धाला जेवावयास जे बोलावणे येते त्याला क्षण म्हणतात, आणि पितरांच्या आसनावर जो बसतो तो त्या वेळेपुरता स्वतः कोणी नसतो. त्याच्या मुखाने गेलेला माणूस जेवतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून त्याने आदल्या दिवसापासून संयमाने राहावे, पानावर बोलू नये, अन्नाची स्तुतीही करू नये. ही सारी बंधने मी मनापासून पाळतो.

संदीप सोवळे नेसून, बोटात दर्भाचे पवित्रक घालून विधीला बसला होता. उपाध्याय सांगतील ते तो निष्ठेने करीत होता. ऋचा वाढत होती. खीर, वडे, गवारीची भाजी, कारले, आमसुलाची चटणी. सकाळी नोएडातील दोन रुग्ण उरकून ती घाईघाईने परतली होती. खीर वाढताना तिने पळी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, कारण उजवा खांदा उचलत नव्हता. हे माझ्याखेरीज कोणी पाहिले असेल असे वाटत नाही.

जेवण झाले. प्रथेप्रमाणे यजमानाने विचारावयाचे, तृप्त झालात ना. आणि आसनस्थाने म्हणावयाचे, तृप्त झालो. संदीपने विचारले. मला ते उत्तर देता येईना.

उपाध्यायांनी माझ्याकडे पाहिले. कमलताई दाराशी हात जोडून उभ्या होत्या, त्या पुढे आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, काही कमी राहिलं का?"

मी एवढेच म्हणू शकलो असतो की हो, राहिले. सुनेला गाडी वापरता येत नाही. त्या आसनावरून गेलेला शब्द त्या घरात कोणी मोडला नसता. बापट साहेबच बोलले असे झाले असते. आणि नेमके म्हणूनच मला ते बोलता येत नव्हते. ज्या आसनावर दुसऱ्याच्या नावाने बसावयाचे, तेथून आपल्या मनातले बोलणे ही चोरी आहे. त्यात माझा धंदा गुंतलेला असताना तर अधिकच.

"अन्नात काही कमी नाही," मी म्हटले. "तृप्त झालो. दुसरे जे आहे ते आसनावरून उतरून सांगतो."

पिंडदान झाले, दक्षिणा झाली, उपाध्याय पुढच्या घरी गेले. हात धुऊन, उपरणे खांद्यावर टाकून मी बाहेरच्या खोलीत साध्या खुर्चीवर बसलो आणि कमलताईंना सर्व सांगितले. मागच्या आवारातील कव्हर, मेट्रोचा जिना, वसुंधरेचे आजोबा आणि डाव्या हातातील पळी. शास्त्राचे एक वचन काढले नाही. शेवटी म्हटले, "विमा माझ्याकडून घेऊ नका. संदीप कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून थेट घेऊ शकेल. मध्ये कोणी नसले की थोडी सूटही मिळते. मला त्यातून काही मिळणार नाही. एवढे झाल्यावर मला बोलण्याचा अधिकार आहे असे वाटले, म्हणून बोललो."

कमलताईंनी ऋचाला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि माझ्याकडे पाहताच मी सांगितल्याचे तिच्या लक्षात आले.

"खांद्यावर घेऊन फिरत होतीस?"

"आई, तसं काही नाही—"

"आणि मी रोज वरून सांगत होते, एसी लाव, सावकाश ये. तूही हो म्हणत होतीस."

कमलताईंनी कपाटावरचा चष्मा हातात घेतला. मग वळल्या त्या माझ्याकडे.

"गुरुजी, खरं सांगा. श्राद्धाच्या दिवशी केलं तर दोष आहे की नाही?"

"तुमचा त्या दिवशीचा मुद्दा मला अद्याप खोडता आलेला नाही," मी म्हटले. "खंड पडलेले पुन्हा करणे हे नवेच. दोष असलाच तर मी सांगितले म्हणून त्यातला अर्धा माझा."

"अर्धा नको." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढविला. "गाडी माझ्या नावावर आहे. दोषही सगळा माझ्याच नावावर राहू दे. संदीप, फोन आण."

माणसांना धोका वाटून घ्यावयास सांगणे, हाच माझा जन्मभराचा उद्योग. पुष्कळांनी माझे ऐकले, काहींनी टाळले. परंतु सगळाच्या सगळा स्वतःच्या पदरात इतक्या सहज घेणारे दुसरे कोणी मला भेटले नाही. मी मनात त्यांना नमस्कार केला.

आता तपासणी. पूर्वी यासाठी कंपनीचा माणूस येत असे. आता फोनवरच चित्रफीत काढून पाठवावी लागते. गाडीच्या पुढून आरंभ करावयाचा, उजवीकडून वळत मागून पुढे यावयाचे, मध्ये कॅमेरा थांबवावयाचा नाही. संदीप म्हणाला, मी काढतो. कमलताईंनी त्याला फोन दिला नाही. आम्ही सारे खाली मागच्या आवारात उतरलो. ऋचाने कव्हर ओढले. आणि कमलताई, श्राद्धाचे रेशमी लुगडे नेसलेल्या, दोन्ही हातांत फोन पोथीसारखा धरून, गाडीला उजवी घालून, प्रदक्षिणेला निघावे तशा चालू लागल्या. मागे मी, धोतर-उपरण्यात. त्यामागे दर्भाचे पवित्रक काढावयास विसरलेला संदीप.

तळमजल्यावरच्या खन्नाबाई खिडकीत आल्या. "आंटीजी, नई गाड़ी ली है क्या? श्राद्धों में?"

"नहीं बहनजी," कमलताई न थांबता म्हणाल्या, "पुरानी को ही ढंग से देख रही हूँ।"

मागच्या डाव्या कोपऱ्याशी येताच त्या थबकल्या. कॅमेरा थांबवावयाचा नव्हता, तो चालूच राहिला. "हा ओरखडा कुणी काढला?"

ऋचाने आकाशाकडे पाहिले. मी खांबाकडे पाहिले, कारण खांबावर त्याच उंचीला गाडीचा लाल रंग लागलेला होता. संदीप पुटपुटला, "पार्किंग करताना जरासा... मागच्या महिन्यात... एका हातात फोन होता."

"फोनात काय होतं?"

"विम्याचे रेट," संदीप म्हणाला.

हे सर्व संभाषण चित्रफितीसह कंपनीकडे गेले. तेथे ते कोणी ऐकले की नाही, मला ठाऊक नाही. ऐकले असेल तर त्या कर्मचाऱ्याचे जेवण गोड झाले असेल. मागील डाव्या कोपऱ्यावरचा ओरखडा आधीपासूनचा म्हणून वगळला आहे, असे कळवून त्यांनी तपासणी मान्य केली. ओटीपी आला. कमलताईंनी तो मोठ्याने, एकेक आकडा सुटा करून वाचला, वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसा. पैसे भरले गेले, आणि थोड्या वेळाने पॉलिसी फोनवर आली. माझ्या दरापेक्षा ती किंचित स्वस्त होती. संदीपने तेवढ्यातही ते मला दाखविले.

"आणि तुमचं काय?" कमलताईंनी मला विचारले. "तुमची मेहनत फुकट गेली."

मी म्हटले, आज मी तुमच्याकडे क्षणाला आलो आहे, आज मला दक्षिणा तेवढी घेता येते, आणि ती घेतली. त्या जरा हसल्या. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मात्र तुमच्याकडूनच. आणि गणपती बसायच्या आत."

ऋचा गाडीशी उभी होती, किल्ली हातात. कमलताईंनीच ती बॅग कुठे आहे ते विचारले, संदीपला वर पाठवून ती आणविली, आणि मागच्या आसनावर ठेवताना तिला स्वतः हात लावून पाहिला. उचलली मात्र नाही. तो हात त्यांनी बराच वेळ बॅगेवर तसाच ठेवला होता.

"त्या वसुंधरेच्या आजोबांना फोन कर," त्या म्हणाल्या. "म्हणावं, आत्ता येतोय."

"आत्ता? आई, वर सगळं पसरलंय. अख्ख्या श्राद्धाची भांडी आहेत."

कमलताई पुढचे दार उघडून आत बसल्या, पट्टा लावला, लुगड्याचा घोळ आवरून घेतला आणि काच खाली करून मुलाकडे पाहिले.

"संदीप घासेल," त्या म्हणाल्या. "त्याहून स्वस्त कुणी मिळायचं नाही."